एएफबी पॉझिटिव्ह आलं म्हणजे टीबीच असतो असं नाही : किडनी प्रत्यारोपणानंतर पायावर आलेल्या गाठींचा अनुभव

मार्च २०१९ मध्ये माझं किडनी प्रत्यारोपण झालं. किडनी माझ्या थोरल्या बहिणीची. त्यानंतरची तीन वर्षं छान गेली. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट, सकाळी प्रेडनिसोलोनची छोटी गोळी, दर काही आठवड्यांनी रक्त तपासणी, एवढंच. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. जुलै २०२२ मध्ये उजव्या पायावर एक गाठ आली आणि पुढचं जवळजवळ वर्षभर ती गाठच आमच्या घराचं वेळापत्रक ठरवत होती. ज्या जंतूमुळे ती आली त्याचं नाव कळायलाच नोव्हेंबर उजाडला.

त्या दिवसांत मी मराठीत खूप शोधलं, पण प्रत्यारोपण झालेल्या माणसाने लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून हे तारखांसकट लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझी औषधं वाचून स्वतःची बदलू नका. कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणता कागद कुठे लागतो, एवढं मात्र यातून नक्की घेता येईल.

गाठ नडगीच्या खालच्या बाजूला होती, हरभऱ्याएवढी, जांभळट. दुखत नव्हती, ताप नव्हता. पावसाचे दिवस, डास चावला असेल असं वाटलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिच्या वर आणखी दोन गाठी आल्या, तेव्हा घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. फरक पडला नाही. श्रावण संपता संपता मधली गाठ मऊ पडली आणि एका सर्जनने ती चिरून पू काढला. पू तपासायला पाठवला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला : ‘४८ तासांत जंतूंची वाढ नाही.’

हा रिपोर्ट वाचून आम्हाला हायसं वाटलं. जंतू नाही म्हणजे जखम भरेल. पण नेहमीचं पू-कल्चर, म्हणजे पुवातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, बहुतेक लॅबमध्ये दोन दिवस ठेवून टाकून देतात. ज्या जंतूला वाढायलाच चार-पाच दिवस लागतात, तो त्यात दिसणार कसा? प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा पू किंवा तुकडा तपासायला जात असेल, तर डॉक्टरांना सांगून फॉर्मवर ‘ट्रान्सप्लांट पेशंट, एएफबी आणि फंगल कल्चरही करावे’ असं लिहून घ्या. (एएफबी म्हणजे टीबी आणि त्याच्या कुळातले जंतू, फंगल म्हणजे बुरशी.) जास्तीचे पैसे लागतात. माझ्या बाबतीत ते सुरुवातीलाच भरले असते तर पुढचे दोन महिने वाचले असते.

३१ ऑगस्टला गणपती बसले. त्या वर्षी मला मांडी घालून आरतीला बसता आलं नाही. चिरलेली जागा भरत नव्हती, त्यातून पातळ पाणी येत होतं आणि गुडघ्याच्या दिशेने ओळीने नव्या गाठी उमटत होत्या. गणपती विसर्जनानंतर किडनीच्या डॉक्टरांची नेहमीची तारीख होती. त्यांनी सलवार वर करायला सांगितली, पाय पाहिला आणि म्हणाले, ‘‘हे मला पहिल्या गाठीलाच दाखवायला हवं होतं असं मी तुम्हाला रागावून म्हणणार नाही, पण आता आजच त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं.’’ त्याच संध्याकाळी त्वचेचा छोटा तुकडा काढला. तुकडा फॉर्मॅलिनच्या (तो टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत घातला आणि आम्हीच तो लॅबमध्ये नेऊन दिला.

आठवड्याने रिपोर्ट आला. त्यात दोन गोष्टी होत्या : ग्रॅन्युलोमा (संसर्गाभोवती जमणारा पेशींचा पुंजका) आहे, आणि झील-नीलसन रंग दिल्यावर लाल काड्या दिसल्या, म्हणजे एएफबी पॉझिटिव्ह. ज्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘‘त्वचेचा टीबी आहे. घाबरू नका, बरा होतो.’’

त्यांचा विचार निराधार नव्हता हे मला आजही म्हणावंसं वाटतं. आपल्या देशात प्रत्यारोपणानंतर टीबी होणं काही विरळ नाही आणि अशा रुग्णात टीबीला उशीर करणं जिवावर बेतू शकतं. पण लाल काड्या फक्त टीबीच्या जंतूच्या नसतात. त्याच कुळातले दीडशेहून जास्त जंतू माती, पाणी, नळाच्या पाइपमधला बुळबुळीत थर अशा ठिकाणी राहतात. रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ते सगळे सारखेच दिसतात. त्यांना एकत्रितपणे एनटीएम, म्हणजे टीबीखेरीजचे मायकोबॅक्टेरिया, म्हणतात. धडधाकट माणसाला त्यांचा सहसा काही त्रास होत नाही. आमच्यासारख्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवलेली असते, तिथे त्यांना वाट मिळते. त्या दिवशी हे मला काहीच माहीत नव्हतं.

सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, करता येईल का, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. उत्तर मिळालं की तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला आहे, त्यावर ती भरवशाची नाही. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, त्यामुळे त्याचं कल्चरही होत नाही. जखमेतून येणारं पाणी घेऊन सीबीनॅट केलं, त्यात ‘एमटीबी नॉट डिटेक्टेड’, म्हणजे टीबीचा जंतू सापडला नाही, असं आलं. पण त्वचेच्या नमुन्यात टीबी असूनही ही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून त्यावर कोणी विसंबलं नाही.

सोमवार, १९ सप्टेंबरला एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. त्यामुळे माझं नाव निक्षय पोर्टलवर गेलं. आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, वजन, मधुमेह आहे का, एचआयव्ही तपासणी, असं सगळं रीतसर झालं. वजन ५२ किलो, म्हणून चार औषधं एकत्र असलेल्या चार गोळ्या रोज उपाशीपोटी. गोळ्या मोफत. पोषण आहारासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात येतील असंही सांगितलं (ही रक्कम पुढे नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली). दोन दिवसांनी महापालिकेच्या आरोग्य कर्मचारी ताई घरी आल्या. सासूबाईंना खोकला, ताप, वजन घटणं याबद्दल विचारलं, त्यांचा छातीचा एक्स-रे काढून घ्यायला सांगितलं, लेकीचीही चौकशी केली. वागणं अगदी आपुलकीचं होतं. तरी बिल्डिंगमध्ये व्हायची ती चर्चा झालीच. धुणीभांड्याच्या मावशी आठवडाभर आल्या नाहीत. त्वचेचा टीबी खोकल्यातून पसरत नाही हे मी ज्याला त्याला सांगत होते, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ताईला फोन करायची हिंमत होत नव्हती. तिने दिलेली किडनी माझ्या पोटात होती. तिला काय सांगायचं?

खरी भीती पुढच्या दहा-बारा दिवसांत कळली. एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृताला टॅक्रोलिमस फार वेगाने मोडायला लावतं. किडनीच्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी टॅक्रोचा डोस आधीच वाढवला होता आणि लेव्हल, म्हणजे रक्तातलं टॅक्रोचं प्रमाण पाहण्याची तपासणी, लवकर करायला सांगितली होती. तरी नवरात्रात केलेली लेव्हल २.३ आली. माझी नेहमीची सहाच्या आसपास असते. क्रिएटिनिन, जे किडनीवर ताण आला की रक्तात वाढतं, १.१ वरून १.५ वर. डोस पुन्हा वाढवला, जवळजवळ तिप्पट झाला. टॅक्रोच्या कॅप्सूलचं महिन्याचं बिल त्याच पटीत वाढलं आणि प्रत्येक लेव्हलचे बावीसशे रुपये वेगळे. दसऱ्याला आम्ही सोनं वाटायला कुठेच गेलो नाही.

इथे एक बारीकशी गोष्ट, जी नव्या रुग्णांना कोणी नीट समजावत नाही. टॅक्रो लेव्हल ही सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायची. घाईत गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि डोस चुकीचा कमी केला जातो. मी रात्रीची गोळी आठला घेते आणि सकाळी आठला लॅबमध्ये पोहोचते. गोळी पर्समध्ये असते, सुई काढली की लगेच घेते.

क्रिएटिनिन वाढलेलं पाहून किडनीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाठी कमी होत नाहीत, किडनीला धोका वाढतो आहे, आणि आपल्याकडे जंतूचं नावच नाही. त्यांनी मुंबईच्या एका संसर्गरोगतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली.

१० ऑक्टोबरला सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने निघालो. नाशिकरोडहून ही गाडी सोयीची, कारण दुपारची वेळ मिळाली तर रात्री परत घरी येता येतं. कसाऱ्याच्या घाटात मोबाइलची रेंज गेली तेव्हा मी सगळे रिपोर्ट पुन्हा तारखेप्रमाणे लावले. हे जरूर करा. वर एक पानाचा सारांश : प्रत्यारोपणाची तारीख, सध्याच्या सगळ्या गोळ्या आणि डोस, शेवटच्या तीन टॅक्रो लेव्हल आणि क्रिएटिनिन, कोणतं अँटिबायोटिक कधीपासून कधीपर्यंत. डॉक्टरांनी फाइल न चाळता तेच पान आधी वाचलं.

त्यांनी पाय बराच वेळ पाहिला. प्रश्न असे विचारले की मला आश्चर्य वाटलं : घरात मासे पाळले आहेत का, बागकाम करता का, पेडिक्युअर केलं होतं का, पायाचे केस ब्लेडने काढता का, नदीत उतरला होता का, टॅटू काढला आहे का. गच्चीवर माझ्या वीस-पंचवीस कुंड्या आहेत आणि मी अनवाणी पाणी घालते, हे सांगितलं. ‘‘यातलं काय कारण ठरेल हे कधीच सिद्ध होणार नाही, पण हा टीबी नसावा असं मला वाटतं,’’ ते म्हणाले. गाठी फक्त पायावर, ओळीने आणि थंड भागात. या कुळातल्या काही जंतूंना शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा ३० अंशांच्या आसपासचं तापमान आवडतं. म्हणून ते हातापायांच्या कातडीत वाढतात. आणि म्हणूनच नेहमीच्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये कधी कधी नीट वाढत नाहीत.

नंतर मी वाचलं की २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका सलूनमध्ये पाय बुडवून ठेवायच्या टबांमधून शंभरावर ग्राहकांच्या पायांवर अशा गाठी आल्या होत्या. तो याच कुळातला दुसरा जंतू, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. ज्यांनी आधी पायाचे केस काढले होते त्यांना धोका जास्त होता. ते सगळे धडधाकट लोक होते.

मुंबईच्या डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती : नव्या, न फुटलेल्या गाठीतून खोल तुकडा काढावा, त्याचे दोन भाग करावेत, एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक डबीत नॉर्मल सलाईनमध्ये, सलाईनचा नमुना त्याच दिवशी लॅबमध्ये, कल्चर ३० आणि ३७ अशा दोन्ही तापमानांना, एका प्लेटमध्ये लोह असलेलं माध्यम, कारण हीमोफायलम नावाचा एक जंतू त्याशिवाय वाढत नाही, वाढ झाल्यास जातीचं नाव आणि औषधांची संवेदनशीलता. बायॉप्सीची वेळ आली की हा मजकूर सर्जनला ऑपरेशनच्या आधी दाखवा. टेबलावर तुकडा निघाल्यावर नर्ससमोर फॉर्मॅलिनचीच बाटली असते आणि नमुना सवयीने तिच्यात पडतो.

१३ ऑक्टोबरला नाशिकमध्येच एका दिवसासाठी दाखल होऊन गाठ काढली. नवऱ्याने सलाईनची डबी थंड पॅकच्या पिशवीत घेतली आणि तो स्वतः गाडी करून मुंबईच्या लॅबला गेला. कुरिअरवर सोपवायला त्याचं मन तयार नव्हतं. लॅबचे सगळे मिळून साडेआठ हजारांच्या आसपास झाले. दाखल झाल्याचं बिल तेवीस हजार. छातीचं सीटी स्कॅनही करून घेतलं, संसर्ग आत पसरलाय का हे पाहायला, चार हजार. रक्ताचं वेगळं कल्चरही लावलं. दोन्ही स्वच्छ आले, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

कल्चरची वाट पाहणं फार अवघड असतं. टीबीचा जंतू असेल तर प्लेटवर दिसायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून आम्ही डिसेंबरपर्यंतची तयारी केली होती. वसुबारसेच्या आदल्या दिवशी लॅबमधून फोन आला : ३० अंशांच्या प्लेटवर वाढ दिसते आहे. आठवड्याच्या आत. इतक्या लवकर टीबी वाढत नाही. टीबीचं प्रथिन शोधणारी झटपट चाचणीही निगेटिव्ह होती. नवऱ्याने फोन स्पीकरवर ठेवला होता, आणि सासूबाई देवघरातून बाहेर येऊन विचारत होत्या, ‘‘मग हे चांगलं की वाईट?’’ ते त्या क्षणी आम्हालाही सांगता येईना.

दिवाळीनंतर, १ नोव्हेंबरला, जातीचं नाव आलं : मायकोबॅक्टेरियम चेलोनी. झपाट्याने वाढणाऱ्या एनटीएमपैकी एक. १९०३ साली बर्लिनमधल्या कासवांत पहिल्यांदा सापडलेला. माती आणि नळाच्या पाण्यात असतो, क्लोरीनलाही फारसा दाद देत नाही. माणसाकडून माणसाकडे जात नाही. टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी एकही त्यावर चालत नाही. म्हणजे ज्या रिफाम्पिसिनने माझी टॅक्रो लेव्हल खाली ओढली, त्याचा या जंतूवर काहीच परिणाम नव्हता.

एकेटी त्याच दिवशी बंद केली. इथे दुसरी कसरत. रिफाम्पिसिनचा यकृतावरचा परिणाम हळूहळू, दोनेक आठवड्यांत ओसरतो. तसतशी वाढवलेली टॅक्रो अंगात साचू लागते. म्हणून आठवड्यातून दोनदा लेव्हल आणि प्रत्येक वेळी डोस कमी. एका लेव्हलला १३ आली आणि माझे हात इतके थरथरत होते की हजेरीपटावर सही करता येईना. डोस जागेवर यायला नोव्हेंबर संपला. क्रिएटिनिन १.२ वर थांबलं.

या जंतूवर एकच औषध देत नाहीत. एकट्या मॅक्रोलाइडवर (क्लॅरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांच्या कुटुंबातल्या औषधावर) ठेवलं तर तो त्याला दाद देईनासा होऊ शकतो. संवेदनशीलतेचा रिपोर्ट पंधरा नोव्हेंबरच्या सुमारास आला : क्लॅरिथ्रोमायसिन, टोब्रामायसिन आणि लिनेझोलिड चालतील; सेफॉक्सिटिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन चालणार नाहीत. टोब्रामायसिन किडनी आणि कान दोन्हींना त्रासदायक, ते बाजूला ठेवलं. क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोची लेव्हल एकदम वर नेतं, रिफाम्पिसिनच्या अगदी उलट. म्हणून त्याच कुटुंबातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन निवडलं, ज्याचा टॅक्रोशी फारसा झगडा नाही. जोडीला लिनेझोलिड. मायकोफेनोलेट निम्मं केलं, म्हणजे माझ्या शरीराला लढायला थोडी मोकळीक मिळेल. यात किडनी नाकारली जाण्याचा धोका थोडा वाढतो. त्या निर्णयावर दोन्ही डॉक्टर माझ्यासमोर फोनवर बोलले, आणि मला तोच क्षण सर्वांत धीराचा वाटला. तुमचे दोन डॉक्टर वेगवेगळ्या शहरांत असतील तर त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. निरोप्या होऊ नका. आपण निरोप देताना काहीतरी गळतंच.

लिनेझोलिडबरोबर नैराश्याची काही औषधं आणि खोकल्याची काही सिरप चालत नाहीत. नाशिकच्या थंडीत खोकला झाला तरी स्वतःहून काही घेऊ नका असं मला बजावलं होतं. दर आठवड्याला रक्तपेशींची तपासणी. पहिल्या महिन्यात एक नवीन गाठ आली आणि मी खचले. डॉक्टर म्हणाले, प्रतिकारशक्ती जागी होतानाही असं होतं, थांबूया. ते खरं ठरलं. डिसेंबरच्या मध्यापासून गाठी सपाट होऊ लागल्या. पण त्याच सुमारास प्लेटलेट्स ९२ हजारांवर आल्या आणि पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. लिनेझोलिड बंद.

त्याऐवजी क्लोफॅझिमिन आलं. हे कुष्ठरोगाचं जुनं औषध. नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळालं नाही, दोन ठिकाणी ऑर्डर देऊन ठेवली तेव्हा आठवड्याने आलं. किंमत किरकोळ. सुरू करण्याआधी ईसीजी, कारण अ‍ॅझिथ्रोमायसिनबरोबर हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर परिणाम होऊ शकतो. पंधरा दिवसांनी पुन्हा ईसीजी. दोन्ही ठीक आले. मार्चपर्यंत माझा रंग तांबूस-काळपट झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले नव्हते, पण गुढीपाडव्याला नातेवाईक आलेच. ‘‘काळवंडलीस गं किती,’’ असं एकीने सगळ्यांसमोर म्हटलं. ताई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘‘रंग जाईल परत. माझी किडनी तिच्याकडे शाबूत आहे ना, मला तेवढं पुरे.’’ तोपर्यंत ताईशी मी या विषयावर मोकळेपणाने बोललेच नव्हते. त्या दुपारी बोललो.

कागदपत्रांचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात फार माणसं अडकतात.

पहिलं, निक्षयमधली नोंद. टीबी नाही हे ठरल्यावर ती आपोआप जात नाही. मी तज्ज्ञांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं : निदान बदललं आहे, जंतूचं नाव हे, एकेटी अमुक तारखेपासून थांबवली आहे. त्याला कल्चरचा रिपोर्ट जोडून, उरलेल्या गोळ्यांसह महापालिकेच्या क्षयरोग केंद्रात दिलं आणि पोच घेतली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी निदान बदलल्याची नोंद केली. ही पोच पुढे विमा, नोकरी, कुठेही लागू शकते.

दुसरं, शाळा. वैद्यकीय रजेवर जाताना प्रमाणपत्रावर ‘टीबी’ लिहिलेलं होतं, त्यामुळे रुजू होताना पालकांच्या शंका येणार हे उघड होतं. मुख्याध्यापिका मॅडमनी समजुतीने घेतलं, पण लेखी हवं म्हणाल्या, आणि ते योग्यच होतं. फिटनेस प्रमाणपत्रात डॉक्टरांकडून एक वाक्य मुद्दाम घालून घेतलं : ‘हा संसर्ग माणसाकडून माणसाला होत नाही.’

तिसरं, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि जिल्हा शल्यचिकित्सकांची तांत्रिक तपासणी लागते. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची विहित प्रमाणपत्रं. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाचा फोटो आणि दोन झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या प्रस्तावावर एक शेरा आला की मायकोबॅक्टेरियम म्हणजे क्षयरोग, आणि त्याची औषधं मोफत मिळतात, तर खर्च कसा? त्यावर तज्ज्ञांचं तेच पत्र आणि क्षयरोग केंद्राची पोच जोडली. दाखल झालेल्या दिवसाच्या बिलाचा बराचसा भाग दहा महिन्यांनी मंजूर झाला. बाहेरून केलेल्या तपासण्या, टॅक्रो लेव्हल, प्रवास, हे सगळं आपल्याच खिशातून. एकूण हिशोब दीड लाखाच्या थोडा पुढे गेला. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि लिनेझोलिड जन औषधी केंद्रातून घेतल्यामुळे औषधांचा भार बराच हलका झाला. टॅक्रोचा ब्रँड मात्र मी बदलला नाही. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीच बदलू नये, लेव्हल हलते.

जून २०२३ मध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, औषधं थांबली. गाठींच्या जागी तपकिरी डाग राहिले आहेत. अंगाचा रंग पूर्ववत व्हायला आणखी वर्ष गेलं. मायकोफेनोलेट पूर्वीच्या डोसवर नेलं नाही, किडनी तेवढ्यावर चांगली चालते आहे. जंतूवरची औषधं थांबवल्यानंतर सहा महिने दर महिन्याला पाय दाखवायला जात होते, कारण हा संसर्ग उलटू शकतो. उलटला नाही.

गच्चीतली बाग आहे. आता मी रबरी गमबूट आणि हातमोजे घालून पाणी घालते, पाय खरचटलेला असेल तर ते काम लेक करते. पायाला ब्लेड लावत नाही. जखम झाली तर उकळून गार केलेल्या पाण्याने धुते. पावसाळ्यात रामकुंडावर गेले तरी पाण्यात उतरत नाही. आणि कातडीवर नवी गाठ दिसली, ती दुखत नसली तरी, दोन आठवडे थांबायचं नाही. सरळ किडनीच्या डॉक्टरांना फोटो पाठवायचा आणि तुकडा काढायचा ठरला तर तो मुंबईच्या डॉक्टरांचा कागद बरोबर न्यायचा. त्याचा फोटो माझ्या, नवऱ्याच्या आणि ताईच्या, तिघांच्याही फोनमध्ये आहे.